कार्ड नको, खुर्ची पाहिजे

या अंकासाठी माझ्याकडं कविता मागितली होती. कविता झाली नाही. गेल्या हंगामात जिनावर एक गोष्ट पाहिली आणि ती डोक्यात दाढेसारखी ठणकत राहिली. म्हणून हे गद्य. शुद्धलेखन पाहू नका, मुद्दा पाहा.

आमच्या जिनावर रुई गोळा करणारी एक मावशी आहे. पन्नाशीची असेल. ऐन हंगामात तिची दाढ दुखायला लागली. दोन दिवस लवंग दाबली, मग तंबाखूची चिमूट दाबली, मग मेडिकलवरून सुट्या गोळ्या आणल्या. आठव्या दिवशी गाल टरारून फुगला, डोळा अर्धा मिटला. मुकादम म्हणाला, घरी बस. घरी बसलं की रोज बुडतो. शेवटी मीच तिला फटफटीवर बसवून तालुक्याच्या गावी नेलं. तिनं पदराच्या गाठीतून कार्ड काढलं. आयुष्मानचं कार्ड. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. गावात शिबिर झालं तेव्हा दिवसभर लायनीत उभं राहून, मशीनवर अंगठा देऊन काढलेलं. पाच लाखांचं कार्ड आहे, असं त्या शिबिरात माइकवरून सांगितलं होतं.

पहिल्या दाताच्या दवाखान्यात काउंटरवरच्या पोरीनं कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "दाताले नाही चालत हे." दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टर स्वतः बोलला. चांगलं बोलला. दाढ वाचू शकते, रूट कॅनल करावं लागेल, वर टोपी बसवावी लागेल, सगळे मिळून सात हजार. काढायचीच असेल तर पाचशे. आधी सूज उतरायला गोळ्या. मावशीचा रोज तीनशे रुपये. तिनं हिशेब करायलाही वेळ घेतला नाही. "काढूनच टाका," म्हणाली.

परत येताना मागून तिनं विचारलं, "बापू, दात आंगात नसते काय?"

मला उत्तर देता आलं नाही. हे सगळं लिहिणं त्या उत्तरासाठी आहे.

सरकारी कागदाचं उत्तर सरळ आहे. कागदावर दात अंगात नसतो. २०१२ साली राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ साली ती सगळ्या राज्यात आली. २०१७ साली तिचं नाव बदलून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ठेवलं. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत आली, २०२० साली दोन्ही एकमेकींना जोडल्या. २०२४ पासून पाच लाखांचं कवच. पण ही योजना मुळात दवाखान्यात भरती होणाऱ्याची आहे. खाट अडवाल तर पैसा मिळेल. दात किडला, तो कोरून भरला, नस काढली, कवळी बसवली, याला खाट लागत नाही, खुर्ची लागते. खुर्चीवरच्या उपचाराला ही योजना पैसा देत नाही. केंद्राच्या नियमात तर दात भरणं आणि रूट कॅनल नाव घेऊन वगळलेलं आहे. भरती करण्याइतका आजार किंवा इजा असेल तरच अपवाद.

आता यादीत काय आहे ते पाहा. अपघातात जबडा मोडला, चालते. तोंडाचा कॅन्सर झाला, जबडा कापून काढायचा आहे, चालते. म्हणजे मावशीनं दाढ घेऊन जाऊ नये. दाढेचा जबडा होईपर्यंत थांबावं. मग कार्ड चालेल, मग फोटो निघेल, मग लाभार्थी म्हणून तिचं नाव फलकावर लागेल.

आणि या योजनेला नाव कोणाचं? जोतिबांचं. ज्यांच्या घरची सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगात रोगी उचलून मुलाच्या दवाखान्यात नेता नेता स्वतः प्लेगनं गेली. त्या दवाखान्यात कार्ड विचारत नव्हते.

कोणी म्हणेल, दातासारख्या बारक्या गोष्टीसाठी एवढा आरडाओरडा कायले? तर बारकी गोष्ट मोठी कशी होते ते सांगतो. जिनात दिवसभर रुईची धूळ नाकातोंडात जाते. घसा सुकतो, भूक लागते, झोप येते. माणूस खर्रा तोंडात टाकतो. भूक मरते, दुखरी दाढ बधिर होते, पाळी निघून जाते. २०१२ साली राज्यानं गुटखा बंद केला. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांपैकी २४.४ टक्के लोक बिनधुराचा तंबाखू खाताना सापडले. चौघांत एक. तंबाखू वाईट आहे हे सांगणारे पोस्टर आम्ही वाचले आहेत. पण तोंडात पांढरा चट्टा उठला, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, तेव्हा तो चट्टा पाहणारा पहिला माणूस कोण? दाताचा डॉक्टर. तोच आमच्याकडं नाही. म्हणून चट्टा कोणी पाहत नाही. चट्ट्याची गाठ होते आणि मग माणूस नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात पोचतो. तिथपर्यंत जायला गाडीभाडं, सोबत एक माणूस, दोघांचा रोज. जनावर विकावं लागते. सरकारला स्वस्त पडलं असतं ते केलं नाही, महाग पडलं ते केलं. आणि आमचा माणूस तोंड गमावून घरी आला.

मग सरकारी दवाखान्याचं काय, असं विचाराल. तिकडंही चला.

प्राथमिक आरोग्य केंद्रात दाताचा डॉक्टर नसतो. तिथं गोळी मिळते आणि चिठ्ठी मिळते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत आणि शाळेत येते, पोरांचे दातही पाहते, कीड आहे असं कार्डावर लिहिते. २०१४-१५ साली केंद्रानं राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम काढला. जिल्हा रुग्णालयात आणि त्याखालच्या दवाखान्यात दाताची खुर्ची, डॉक्टर, सामान द्यायचं, असा त्याचा उद्देश. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. चांगलं झालं. मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण मोफत म्हणजे काय ते मजुराला विचारा. मीच एकदा एका सरकारी दवाखान्यात माझी दाढ घेऊन गेलो होतो. कोणत्या ते लिहीत नाही, कारण भांडण त्या दवाखान्याशी नाही. पहिल्या दिवशी डॉक्टर मीटिंगला. दुसऱ्या खेपेला डॉक्टर हजर, खुर्चीची मशीन बंद. तिसऱ्या खेपेला दोन्ही होते, भरायचं सामान नव्हतं. डॉक्टर बिचारा म्हणाला, काढून देऊ शकतो, भरून देऊ शकत नाही. तीन खेपांत तीन रोज गेले. दाढ मोफत निघाली. माझं वय तेव्हा बावीस होतं.

गरिबाच्या दाताला या देशात एकच उपचार आहे, काढून टाका. आठवडी बाजारात जमिनीवर फडकं अंथरून, समोर काढलेल्या दातांचा ढीग मांडून बसणारा दातवाला तेच करतो. तोही बहुधा आपल्यातलाच, पालावरचा माणूस. त्याच्याकडं पक्कड आहे, दवाखान्यात चिमटा आहे. फरक सुईचा तेवढा.

आणि चाळिशीत निम्मे दात गेले की माणूस काय खातो? ज्वारीची भाकर चावत नाही. भाकर चहात बुडवायची, वरणाच्या पाण्यात कुस्करायची. हरभरा बंद, शेंगदाणा बंद, मटण तर पाहायचं. रक्त कमी आहे म्हणून नर्सबाई सांगते, चांगलं खात जा. कशानं खाऊ?

सरकारी दंत महाविद्यालय जवळात जवळ पाहाल तर नागपूरला नाहीतर संभाजीनगरला. दोन्ही आपल्याला दूर, जाऊन-येऊन दिवस पुरत नाही. रूट कॅनल एका खेपेत होतेच असं नाही. १९९८ साली अकोल्यातून वाशिम वेगळा जिल्हा झाला, तेव्हा वाटलं होतं सगळं जवळ येईल. २०१८ साली तो आकांक्षित जिल्हा झाला. किती बाळंतपणं दवाखान्यात झाली, किती पोरांना लस मिळाली, हे मोजून जिल्ह्याला नंबर मिळतो. मोजा, ते पाहिजेच. पण त्या मोजमापात दात नाही. जे मोजत नाहीत त्याच्यासाठी साहेबाची मीटिंग होत नाही. २०२४ साली वाशिमला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, शंभर जागांचं. त्याचं स्वागत. आता त्याच्याकडंच बोट दाखवून बोलायचं आहे.

त्याआधी कामगार म्हणून एक हिशेब मांडतो, कारण तो बाबासाहेबांपर्यंत जातो.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, अदारकरांचा कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल आला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. ईएसआय म्हणतात तो. कामगार पगारातून थोडे देतो, मालक जास्त देतो, आणि कामगाराला अन् घरच्यांना दवाखाना मिळतो. नुसती खाट नव्हे, रोजच्या दुखण्याचाही उपचार. पण त्या कायद्यात हंगामी कारखाना वगळला. हंगामी म्हणजे कोणता, तर पहिलंच नाव कापसाच्या जिनिंगचं. मग प्रेसिंग, शेंगा फोडणं, गूळ-साखर. म्हणजे कापसाच्या पट्ट्यात ज्या गिरणीत दलित, बंजारा, आदिवासी माणूस राबतो, नेमकी तीच बाहेर. २०२० साली सामाजिक सुरक्षा संहिता आली, जुने कायदे गुंडाळले. ईएसआयसाठी हंगामी कारखाना तिथंही वगळलेलाच. मशीन बदलली, मालकाची गाडी बदलली, ती एक ओळ बदलली नाही. पंच्याहत्तरच्या वर वर्षं झाली. आपण जयंतीला बाबासाहेबांचं मजूरमंत्रिपद सांगतो, ही ओळ सांगत नाही.

आता जातीचं बोलतो. तोंडाचं आणि जातीचं नातं जुनं आहे. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाची थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडकं. महाडला १९२७ साली आपण ओंजळ तोंडाला लावली तर डोकी फोडली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी १९२९ चा काठेवाडातला दाखला दिला आहे. अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली होती. डॉक्टर घरात शिरला नाही, बाईला बाहेर आणवली. थर्मामीटर त्यानं मुसलमानाच्या हाती दिला, त्यानं नवऱ्याला दिला, नवऱ्यानं बायकोच्या तोंडात लावला. ती वाचली नाही. १९५५ च्या कायद्याच्या पाचव्या कलमानं दवाखान्यात अस्पृश्यतेवरून नाकारणं गुन्हा झाला.

आज दाताचा डॉक्टर जात विचारत नाही. मी खोटं लिहिणार नाही, मावशीच्या तोंडात त्या डॉक्टरनं हातमोजा घालून हात घातला, नीट घातला, पाचशे घेतले. जात विचारायची गरजच उरली नाही. कार्ड दाखवलं की कळते. ज्याच्या खिशात कार्ड आहे त्याच्या खिशात सात हजार नाहीत. आणि ज्याच्या खिशात सात हजार नाहीत तो गावाच्या कोणत्या बाजूला राहतो ते सांगायला नको.

पण दोस्तहो, त्या डॉक्टरच्या काचा फोडून काही होणार नाही. त्यानं कर्ज काढून खुर्ची घेतली आहे. उद्या आपलाच पोरगा फ्रीशिपवर डेंटिस्ट होऊन येईल, त्यालाही हप्ते भरावे लागतील, तोही कार्ड घेणार नाही. म्हणून मी सरळ विचारतो, आपण मागणी काय करायची? बरेच जण म्हणतात, दाताचा उपचार योजनेच्या यादीत टाका. मी म्हणतो तेवढ्यानं भागणार नाही. का, ते दोन देशांवरून सांगतो.

इंग्लंडमध्ये १९४८ साली सगळ्यांना मोफत आरोग्यसेवा आली, दातासकट. ती आणणारा मंत्री अनायरिन बेव्हन, पोरवयात खाणीत उतरलेला कामगार. १९५१ साली सरकारला कोरियाच्या युद्धाच्या काळात शस्त्रांसाठी पैसा पाहिजे होता, म्हणून कवळी आणि चष्म्याला पैसे लावले. बेव्हन तेव्हा मजूरमंत्री होता. त्यानं राजीनामा फेकला. त्याच वर्षी इकडं बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलावर राजीनामा दिला. गरिबाच्या कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस जगात होऊन गेला, हे ध्यानात ठेवा. पण तिथं दाताचे डॉक्टर सरकारी नोकर नव्हते, कंत्राटावर होते. सरकारचा दर परवडेना तसे त्यांनी सरकारी पेशंटला दार लावायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहरात एका दवाखान्यानं सरकारी पेशंट घेऊ म्हटलं तर शेकडो लोकांची लाइन लागली, आवरायला पोलीस आले. ही साहेबाच्या देशाची गोष्ट.

अमेरिकेत मेडिकेड नावाचं गरिबांचं सरकारी कार्ड आहे. २००७ साली मेरीलँड राज्यात बारा वर्षांचा एक काळा पोरगा दातातला पू मेंदूत चढून मेला. ऐंशी डॉलरमध्ये निघाला असता तो दात. त्याची आई त्याच्या भावासाठी ते कार्ड घेणारा डॉक्टर शोधून शोधून थकली होती. भावासाठी कार्ड होतं, डॉक्टर नव्हता.

म्हणून म्हणतो, कार्ड देणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं करणं. दार उघडायचं की नाही, ते तो ठरवणार. आपल्याला आपलं दार पाहिजे. सरकारी खुर्ची, सरकारी पगाराचा डॉक्टर, आणि कपाटात सामान.

मागण्या अशा. वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड, मानोरा, सहाही तालुक्यांच्या सरकारी दवाखान्यांत चालू खुर्ची, पूर्णवेळ दाताचा डॉक्टर आणि त्याला मदतनीस. दात काढण्याइतकंच दात भरण्याचं, रूट कॅनलचं आणि कवळीचं सामान, बारा महिने. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक ठरलेला दिवस, तोही बाजाराचा, म्हणजे रोज बुडणार नाही. वाशिमच्या मेडिकल कॉलेजात दाताचा पुरता विभाग. आणि हंगामी कारखान्याची ती ओळ खोडून जिनवाल्याला ईएसआय.

आता आपल्या लोकांना दोन शब्द. राग येऊ द्या. दर १४ एप्रिलला आपण 'भव्य मोफत दंत तपासणी शिबिर' भरवतो. बॅनरवर बाबासाहेब लहान आणि भावी नगरसेवक मोठा. खाजगी डॉक्टर येतो, टॉर्च मारतो, सहा दात किडले म्हणतो, आपल्या दवाखान्याचा पत्ता हातात देतो. सोबत पेस्टची बारकी ट्यूब. आपण टाळ्या वाजवतो. अरे, किडले आहेत हे त्या माणसाला रात्री झोप लागत नाही तेव्हाच कळलं आहे! तपासणी कायची करता, उपचार मागा. आपण १९७२ साली ज्यांच्यावरून पँथर नाव घेतलं, त्या काळ्या पँथरांनी वस्तीत पोरांना नाश्ता दिला, मोफत दवाखाने चालवले, आणि सरकार हे का करत नाही म्हणून तोंडावर विचारलं. आपण नाव घेतलं, दवाखाना विसरलो. आपले जे पोरं-पोरी डेंटिस्ट झाले आहेत आणि पुण्या-मुंबईत आहेत, त्यांनी महिन्याचा एक दिवस इकडं द्यावा. तेवढ्यानं प्रश्न सुटणार नाही, पण चार दाढा वाचतील आणि डॉक्टर आपल्या बाजूनं बोलायला लागतील.

काम लगेच सुरू करता येते. २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, दहा रुपयांचं तिकीट लागते. प्रत्येक तालुक्यातून एकानं एक अर्ज टाकायचा. मग ती उत्तरं घेऊन ग्रामसभेत ठराव करायचे. ठराव घेऊन जिल्ह्यावर जायचं, सुजलेल्या गालांसकट. भाषण करणारा एकच ठेवा, बाकी सगळ्यांनी नुसतं तोंड उघडून दाखवायचं.

१९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, मुक्यांना तोंड दिलं. शंभर वर्षं आपण त्या तोंडानं बोलतो आहोत, घोषणा देतो आहोत. त्या तोंडात दात आहेत, ते दुखतात, हे आपल्या एकाही जाहीरनाम्यात मी वाचलं नाही.

पहिला अर्ज मावशीच्या नावानं गेला आहे. तिला तिचा प्रश्न अर्जात लिहायचा होता, दात आंगात नसते काय. जाणकार मित्र म्हणाला, या कायद्यात प्रश्न विचारता येत नाही, माहिती मागता येते. म्हणून माहिती मागितली: तालुक्यात दाताच्या खुर्च्या किती, चालू किती, डॉक्टरच्या जागा किती मंजूर, किती भरलेल्या, गेल्या वर्षी दात किती काढले आणि किती भरले. खाली तिनं सही केली. अर्जाची एक प्रत माझ्याकडं आहे. तुमच्या तालुक्यासाठी नाव बदलून तीच वापरा.

जय भीम.